कॅरियरवरून दिसलेला दादा

विश्रांतवाडीच्या चौकात उभं राहून कुणालाही विचारा, "दशरथ शूटिंगवाला कुठं राहतो?" रिक्षावाला असो, पेपरवाला असो, सांगेल. नुसतं सांगणार नाही, दारापर्यंत आणून सोडेल. कारण त्या भागात ज्याचं लग्न झालंय त्याच्या कपाटात दशरथनं काढलेली कॅसेट आहे, आणि ज्याचं व्हायचंय त्याची तारीख दशरथच्या डायरीत. ब्याण्णव सालात माणसानं खांद्यावर कॅमेरा घेतला तो दोन हजार पाच उजाडलं तरी खाली ठेवला नव्हता. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला होता, आणि त्याचंही दशरथला कौतुक. शर्ट शिवायला टाकला की शिंप्याला म्हणायचा, "उजवीकडं माप वेगळं घे. तेरा वर्षांची कमाई आहे ती."

शूटिंगचे त्याचे दोनच नियम. सगळे आले पाहिजेत, हा पहिला. आणि पाठमोरं कुणी येता कामा नये, हा दुसरा. मांडवात कुणी पाठ करून उभा दिसला की हा त्या टोकावरून ओरडायचा, "ओ काका, इकडं बघा! हसा की जरा, तुमच्याच घरचं कार्य आहे!" काका वळायचे. हसायचेही. नवरदेवाचा रुसलेला मेव्हणासुद्धा हसायचा. दशरथच्या कॅसेटमध्ये रडायची परवानगी फक्त पाठवणीला, आणि तीही चेहरा समोर ठेवून.

पण कॅमेऱ्यापेक्षा त्याचा जीव दोन गोष्टींत जास्त. एक म्हणजे धाकटा भाऊ अभय. गल्लीतला पहिला इंजिनीअर. हिंजवडीला कंप्युटरच्या कंपनीत. सकाळी कंपनीची एसी बस चौकात थांबायची आणि गळ्यात पट्टा घातलेला अभय तीत चढायचा, तेव्हा दशरथ काही काम नसताना समोरच्या टपरीवर चहा घेत उभा असायचा. बस गेली की टपरीवाल्याला म्हणायचा, "आपला भाऊ." टपरीवाला म्हणायचा, "कालपण सांगितलंत."

दुसरी म्हणजे एक हकीकत. ती दशरथ लग्नाच्या जेवणात, विहारातल्या कार्यक्रमात, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला, कुणालाही सांगायचा. एक्क्याण्णव साली त्याच्या वडलांची, सीतारामची, भोसरीतली कंपनी बंद पडली. घरात चार माणसं. अभय नऊ वर्षांचा, वर्गात पहिला. दशरथ सतराचा, दहावीला. तर त्यानं दहावीचं हॉल तिकीट टराटरा फाडलं आणि बापाला सांगितलं, "बाबा, मी शिकणार नाही. माझा भाऊ शिकेल." दुसऱ्या दिवशी तो एका शूटिंगवाल्याकडं लाइट धरायला लागला.

ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यायचं. त्याची बायको वासंती, तिच्या वडलांनी तर पोरगी दिली ती याच हकिकतीवर. "घर छोटं असू दे, माणूस मोठा आहे," असं म्हणाले होते.

आता खरं काय ते आधीच सांगितलेलं बरं. दशरथ दहावीला तीनदा बसला आणि तीनदा आपटला. मार्चला, ऑक्टोबरला, परत मार्चला. तिसऱ्या वेळी इंग्रजी सुटलं, गणित राहिलं. तो निकाल लागला जूनमध्ये. बाबांची कंपनी बंद पडली दिवाळीत. मधे चार-पाच महिने होते. पण लोक कुठं एवढं लक्षात ठेवतात? बाप घरी बसलेला दिसला, पोरगा कामावर जाताना दिसला, कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्यानं घरासाठी शाळा सोडली हो." दशरथनं ते ऐकलं. नाही म्हणाला नाही. वर्षभरानं हो म्हणाला. पाच-सहा वर्षांनी स्वतःच सांगायला लागला, आणि पुढं पुढं तर हॉल तिकीट फाटल्याचा आवाजही त्याला ऐकू यायला लागला. बरोबरची पोरं पांगली. बाबा दोन हजार साली गेले. ते कधी काही बोलले नव्हते. तेव्हा दशरथच्या समजुतीप्रमाणं खरं काय ते जगात त्याच्या एकट्याकडं उरलं होतं.

आणि अभय? अभय तर त्या हकिकतीवर वाढला होता. इंजिनीअरिंगला रात्र-रात्र जागला तो त्या फाडलेल्या तिकिटासाठी.

तर दोन हजार पाचच्या सुरुवातीला अभयला पिक्चरचं खूळ लागलं. ऑफिसातली दोस्तमंडळी त्याला कुठल्या कुठल्या देशांतले पिक्चर सीडीवर भरून द्यायची. मोठे नाहीत, छोटे. ज्यात हीरो म्हणजे शेजारचं पोर, आणि सगळा खर्च मिळून दशरथच्या एका मोठ्या लग्नाच्या मांडवाएवढा. एका रविवारी दुपारी त्यानं दशरथला बसवलं.

पिक्चरमध्ये कुठलंतरी थंडीतलं गाव. एक पोरगा. त्याची मोठी बहीण शहरात नोकरीला निघालीय. पोरगा आठवडाभर तिच्याशी भांडतो. तिची बस सुटते, तेव्हा हा बघायलासुद्धा जात नाही. मग घरी येतो आणि तिच्या खाटेवर बूट घालूनच झोपतो. संपलं.

"संपलं?" दशरथ म्हणाला. "पुढं?"

"पुढं काही नाही."

"मग यात झालं काय?"

"पोरगा मोठा झाला, दादा."

"कधी? तेवढाच तर होता शेवटपर्यंत."

अभय हसला. म्हणाला, "यांच्याकडं पैसा नसतो ना, त्यामुळं खोटं बोलायची सोयच नसते. सेट नाही, नाच नाही, मारामारी नाही. मग उरतं काय? जे झालं तेवढंच. म्हणून बघताना आपलंच काहीतरी आठवतं."

"मला काही नाही आठवलं," दशरथ म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

पण दोन दिवसांनी धानोरीत एका हळदीचं शूटिंग करताना, नवरीचा धाकटा भाऊ कोपऱ्यात खुर्चीवर एकटाच बसलेला दिसला, आणि दशरथला एकदम ती खाट आठवली. ते बूट आठवले. त्याच्या कॅमेऱ्यानं त्या पोराला धरलं आणि अर्धं मिनिट सोडलंच नाही. नवरीची आत्या ओरडली, "ओ शूटिंगवाले, हळद इकडं लागतीय!"

महिन्याभरानं अभयनं जाहीर केलं की तोही असाच पिक्चर काढणार. एक्क्याण्णव सालातला. आपल्या गल्लीतला. एक नऊ वर्षांचा पोरगा, त्याचा बाप, आई आणि त्याचा दादा. "तुझ्यावरच आहे अर्धा," तो म्हणाला.

झालं. दशरथ महिनाभर जमिनीवर नव्हता. बुधवार पेठेत टेपा आणायला गेला तर दुकानदाराला सांगितलं, दवाखान्यात कंपाउंडरला सांगितलं, गॅस सिलेंडर आणणाऱ्याला तर उंबऱ्यात बसवून सांगितलं: "आपल्यावर पिक्चर निघतोय." गल्लीतले तात्याराव, डाकखात्यातून रिटायर झालेले आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या कामात नाक खुपसणारे, त्यांनी विचारलं, "तुझ्यावर? तू मेलास की काय?"

"जिवंतपणी निघतोय, तात्या. मेल्यावर सगळ्यांवरच निघतो."

शूटिंग शनिवार-रविवारचं, कारण सगळे नोकरीवाले. कॅमेऱ्याला आणि आवाजाला मिळून एकच बाई, पद्मजा. अभयच्या ऑफिसात प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायची, आणि तोच स्वभाव घेऊन घरीही यायची. कॅमेरा हातात मावणारा, छोट्या टेपांचा. तो बघून दशरथ म्हणाला, "एवढासा? आमच्याकडं लाइटची बॅटरी याच्याहून मोठी असते."

"हो, आणि पिक्चरपण बॅटरीच्या उजेडात काढल्यासारखाच दिसतो," पद्मजा म्हणाली. दशरथला ती त्याच क्षणी आवडली.

लहान अभय व्हायला गल्लीतलं एक पोर, आणि दशरथची भूमिका करायला गल्लीतलाच शुभंकर. सतरा वर्षांचा, काटकुळा, कॉलेजच्या नाटकात एकदा पोलीस झालेला. बाकी सगळं दशरथनं उभं केलं. एक्क्याण्णव साल गोळा करत तो घराघरांतून फिरला. शटरचा लाकडी टीव्ही एकीकडं निघाला, रॉकेलचा डबा दुसरीकडं, वाण्याच्या माळ्यावरून तो काळा फोन, ज्याच्यावर एके काळी अख्ख्या गल्लीची सुखदुःखं यायची. भिंतीला टांगलेली बाबांची काळी सायकल उतरवून त्यानं तेल दिलं. वस्तू बघायला जमलेली माणसं वस्तूंना पुन्हा पुन्हा हात लावून बघायची. गल्लीच्या तोंडाशी नवीन बिल्डिंगा आल्या होत्या, कॉल सेंटरच्या सुमो धूळ उडवत जायच्या, मोबाईलचा टॉवर काही केल्या फ्रेमबाहेर जात नव्हता. पण दशरथच्या घराच्या चार भिंतींपुरतं एक्क्याण्णव परत आलं होतं. तात्याराव तर रोज यायचे आणि फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे. "लागत नाही अजून," म्हणायचे.

दोन महिन्यांत सगळं काढून झालं. राहिले दोन सीन. सकाळी हॉल तिकीट फाडायचा, आणि दुपारी खडकवासल्याचा. पद्मजा मंगळवारी अमेरिकेला निघणार होती, ऑनसाइट, वर्षभरासाठी. म्हणजे हा रविवार गेला की पिक्चर गेला.

खडकवासल्याचा सीन अभयचा जीव की प्राण. लहानपणीचा सगळ्यात आनंदाचा दिवस, असं तो म्हणायचा. एक दिवस दादानं काही कारण नसताना त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून पार धरणापर्यंत नेलं होतं. दोघांत मिळून एक कणीस खाल्लं, पाण्यात पाय सोडून बसले, पलीकडं एनडीएची पोरं होड्या वल्हवत होती ती बघितली. "कुठला दिवस होता कुणास ठाऊक," अभय म्हणायचा. दशरथ त्या वेळी नेमका कुठलीतरी वायर गुंडाळत असायचा.

रविवारी सकाळी सीन लागला. शुभंकरनं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "बाबा, मी शिकणार नाही. माझा भाऊ शिकेल."

"परत," अभय म्हणाला.

परत फाडलं. परत. झेरॉक्सवाल्याकडून पंधरा तिकिटं आणली होती, त्यातली अकरा संपली. शुभंकर कधी ओरडून म्हणाला, कधी पुटपुटला, एकदा तर खरंच रडला.

"कसं वाटतंय?" अभयनं विचारलं.

"कॅलेंडरवर छापायला छान आहे," पद्मजा म्हणाली.

"डायलॉग चांगला आहे," दशरथ म्हणाला. डायलॉग त्यानंच लिहून दिला होता.

अभय दशरथच्या शेजारी येऊन जमिनीवर बसला. "दादा, आपण चुकतोय कुठंतरी. तू सांग ना नीट. बाबा कुठं बसले होते?"

"खाटेवर."

स्वयंपाकघरातून चंद्रभागा, दोघांची आई, म्हणाली, "एक्क्याण्णवला खाट नव्हती आपल्याकडं. चौऱ्याण्णवला आली."

"मग खाली बसले असतील. चटईवर."

"आणि तू?" अभयनं विचारलं. "म्हणजे तुझे हात. तिकीट कुठून काढलंस? खिशातून?"

"खिशातून."

"कुठला शर्ट?"

"निळा. दिवाळीचा नवा."

पद्मजानं कानावरचे हेडफोन काढले. "एक मिनिट. दिवाळीत?"

"कंपनी दिवाळीत बंद पडली ना बाबांची," दशरथ म्हणाला.

"हो, पण दहावीची परीक्षा मार्चमध्ये असते. दिवाळीत हॉल तिकीट कसं आलं हातात?"

वासंती चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती. शुभंकर बाराव्या तिकिटाकडं बघत होता.

दशरथला अजून एक वाट होती. आठवत नाही म्हणायचं, उठायचं, आणि "चला, चहा घ्या" म्हणून सगळ्यांना हलवायचं. मांडवातले कितीतरी गोंधळ त्यानं असेच मिटवले होते. तो उठायला लागलाही. तेवढ्यात अभय म्हणाला, "जाऊ दे पद्मजा. दादाला त्रास होतोय. असंच ठेवू. खोटं वाटलं तर वाटलं, बघणाऱ्याला कुठं कळतंय."

असं म्हणून त्यानं मान खाली घातली. आणि ती खाली गेलेली मान दशरथला बघवेना. हा पोरगा दोन महिने एकेका डब्याच्या रंगावरून सगळ्यांशी भांडला होता. खोटं बोलायची सोय नसते म्हणून ज्याला हे पिक्चर आवडतात, तो आता खोटं चालेल म्हणतोय. आणि ते खोटं कुणाचं? अख्ख्या जगानं दशरथला नावं ठेवली असती तर त्यानं ऐकून घेतली असती, पण अभयच्या पिक्चरला कुणी खोटा म्हणालेलं त्याला चाललं नसतं.

"मी नापास झालो होतो," दशरथ म्हणाला.

स्टोव्हकडं बघून म्हणाला. माणसांकडं नाही.

"तीनदा. तिकीट-बिकीट काही फाडलं नाही. जूनमध्ये निकाल लागला, शाळेतून गुणपत्रिका घेतली आणि खिशात घातली. कंपनी नंतर बंद पडली."

"जूनमध्ये," अभय म्हणाला.

"घरी यायचं धैर्य नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा होतो. तू गोट्या खेळत होतास. पळत आलास, 'दादा, चक्कर!' म्हणालास आणि कॅरियरवर उडी मारून बसलास. उतर म्हणणार होतो. पण तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि तुझ्यासमोर कसं रडायचं? म्हणून पायडल मारत सुटलो. होळकर पूल आला, गाव आलं, स्वारगेट आलं. तू मागं बडबडत होतास, मी पुढं बघून रडत होतो. थांबलो असतो तर तू उतरून पुढं आला असतास. म्हणून थांबलोच नाही."

"धरणापर्यंत."

"धरणापर्यंत."

धरणच का, हे अभयनं विचारलं नाही. बरं झालं.

"मला फक्त तुझी पाठ दिसत होती," तो म्हणाला. "शर्ट हलत होता. मला वाटलं, वारा आहे."

चंद्रभागा हात पुसत बाहेर आली. दशरथनं तिच्याकडं बघितलं. "आई, तुला सांगायचं होतं..."

"काय सांगणार? गुणपत्रिका पिठाच्या डब्याखाली लपवलीस. पिठाचा डबा रोज कोण उचलतं?"

"म्हणजे तुला..."

"तुझ्या बाबांनापण. तेच म्हणाले, पोरगा कामाला लागलाय, हाताला यश येतंय, उगाच त्याची मान खाली कशाला घालायची. राहू दे."

दशरथला चौदा वर्षं एकट्यानं ओढल्यासारखं वाटत होतं, आणि आता कळत होतं की मागून दोघंजण ढकलत होते. त्याचं लक्ष वासंतीकडं गेलं. ती ट्रे घेऊन तशीच उभी. चहावर साय आली होती.

"गणितात किती पडले होते?" तिनं विचारलं.

"एकोणतीस."

"तरीच," वासंती म्हणाली, "तो भाजीवाला तुम्हाला रोज गंडवतो." आणि कप ठेवून आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग तिनं बाहेर ओरडून सांगितलं, "धरणावर ऊन असतं. टोपी घेऊन जा." दशरथचा जीव तेव्हा भांड्यात पडला.

पद्मजा वहीत काहीतरी खोडत होती. "म्हणजे दोन सीनचा एकच सीन झाला," ती म्हणाली. "टेप वाचली. निघायचं का?"

सुमोच्या टपावर सायकल बांधून सगळे निघाले. धरणाच्या अलीकडं एक चढ आहे, तिथं वर्दळ कमी. अभयला आता एकच गोष्ट हवी होती. चेहरा नको, डायलॉग नको. कॅरियरवर बसलेल्या पोराला जे दिसलं तेवढंच. दादाची पाठ.

कॅरियरवर आधी पद्मजा बसली. दहा पावलांत कॅमेरा असा काही हलला की काढलेलं बघताना शुभंकरलाच मळमळलं.

"उतरा," दशरथ म्हणाला. "घोड्यावरच्या नवरदेवाचं शूटिंग मी घोड्यापुढं उलटं चालत केलंय, तेही आळंदी रोडच्या खड्ड्यांत. हा हात हलत नाही."

"पण दादा, तुमचं वजन..." शुभंकर म्हणाला.

"खानदानी आहे. तू चालव."

दशरथ कॅरियरवर बसला तेव्हा बाबांची सायकल कुरकुरली. शुभंकरनं पायडल मारलं, सायकल हलली. दशरथनं कॅमेरा डोळ्याला लावला. समोर निळा शर्ट, दोन खांदे, मानेवर घाम. तेरा वर्षांत त्यानं अशी फ्रेम कधी घेतली नव्हती. कुणाची पाठ दिसली की त्याच्या तोंडातून आपोआप निघायचं, "इकडं बघा." आताही ते ओठांपर्यंत आलं. दशरथनं ते गिळलं.

चढ लागला. शुभंकर काटकुळा पोरगा, मागं पाऊण क्विंटलाच्या वर माणूस. तो सीटवरून उठून पायडलवर उभा राहिला. श्वास लागला. पाठ थरथरायला लागली, खांदे वर-खाली व्हायला लागले, मधेच एक हुंदक्यासारखा आवाज आला. पोरगा काही रडत नव्हता, त्याचा जीव चालला होता. पण कॅमेऱ्यातून दशरथला जे दिसलं ते वेगळंच होतं. त्याला एक सतरा वर्षांचं पोर दिसलं, जे कुणी सांगितलं नसताना दुसऱ्याला ओढत चाललंय आणि मागं वळून बघत नाही. दशरथनं आयुष्यात स्वतःला कधी असं बघितलं नव्हतं. हकिकतीतला दशरथ नेहमी छाती काढून, समोर बघून उभा असायचा. हा बिचारा पाठमोरा होता, आणि तरी बरा वाटला.

अभय सायकलच्या बाजूनं पळत होता. चढ संपला तसा तोही थांबला.

"झालं का?" शुभंकर कळवळून म्हणाला. "मरतोय मी."

"झालं," अभय म्हणाला. आणि वळून धरणाकडं बघत राहिला. तेव्हा त्याचीही फक्त पाठच दिसत होती, आणि दशरथनं कॅमेरा चालू ठेवला.

पिक्चर जोडून व्हायला गणपती उजाडले. पहिला खेळ गल्लीच्या विहाराच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी, ऑफिसातून आणलेल्या प्रोजेक्टरवर आणि दशरथच्या मांडववाल्याच्या पांढऱ्या कापडावर. दारात शोभेला काळी सायकल उभी केली. खुर्च्या कमी पडल्या, माणसं चपला काढून सतरंजीवर बसली. दशरथ सगळ्यात मागं, उभा. तीनशे लग्नांच्या गर्दीत घाम न फुटलेला माणूस, त्याचा रुमाल ओला झाला होता.

टीव्ही दिसला तेव्हा बाया हसल्या. काळा फोन वाजला तेव्हा तात्याराव पुढं सरकून बसले. मग निकालाचा दिवस आला, गोट्या खेळणारा पोरगा आला, आणि पडद्यावर निळ्या शर्टातली ती पाठ आली. ती हलत राहिली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. ना गाणं, ना डायलॉग. फक्त सायकलची कुरकुर आणि मागच्या पोराची, नंतर भरलेली, बडबड. बायकांच्या बाजूनं कुणीतरी नाक ओढलं. वासंतीचं नाक ओढणं दशरथ ओळखायचा.

दिवे लागल्यावर तात्याराव काठी टेकत आले. "काय रे दशरथ, म्हणजे तू नापास?"

जवळपासची माणसं थांबली. अभय प्रोजेक्टरची वायर काढता काढता थांबला.

"नापास म्हणजे?" दशरथनं छाती पुढं काढली. "तीनदा, तात्या! तीनदा! आळंदी रोडला दुसरा कुणी असेल तर आणून दाखवा. आणि ते शेवटचं शूटिंग बघितलंत? कॅरियरवर बसून, चढावर, एका टेकमध्ये. हलला का कॅमेरा? हलला का सांगा!"

"नाही हलला," तात्याराव म्हणाले. "तू हललास. मागं बघत होतो मी."

माणसं पांगली. दशरथनं कापड गुंडाळलं आणि सायकल घरी न्यायला बाहेर काढली. स्टँड सोडून सीटवर बसतो न बसतो तोच मागं धाडकन वजन पडलं.

"दादा, चक्कर," अभय म्हणाला.

तेवीस वर्षांचा, इंजिनीअर, कंपनीनं खाऊ घालून पोट सुटायला लागलेला. दशरथला म्हणायचं होतं, उतर, टायर बसेल. तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. पायडल मारलं. अभय मागून बोलत होता, पुढच्या पिक्चरबद्दल, शुभंकरबद्दल, पद्मजाला पाठवायच्या सीडीबद्दल. दशरथ पुढं बघून चालवत राहिला. मागून त्याला काय दिसत असेल, ते आता दशरथला ठाऊक होतं.